बुवे बेट: सापडायला दीडशे वर्षं लागली, उतरायला आजही जमत नाही

दर्याफिरस्ता

परदेशी संकेतस्थळावर कसलाही फॉर्म भरताना देशांची यादी उघडून बघा. बोत्सवाना आणि ब्राझील यांच्या मधोमध 'बुवे आयलंड' असं एक नाव दिसेल. तिथे एकही माणूस राहत नाही, कायमचा असा कधी कोणी राहिलेलाही नाही. पोस्ट ऑफिस नाही, विमानतळ नाही, धक्का नाही. तरी आंतरराष्ट्रीय यादीत त्याला स्वतःचा 'बीव्ही' हा कोड आहे, म्हणून जगभरच्या फॉर्मांत ते इमानेइतबारे हजर असतं. या बेटाबद्दल बरेच दिवस वाचतोय, जमेल तसं इथे मांडतो.

जागा: दक्षिण अटलांटिक महासागर, ५४ अंश २५ मिनिटं दक्षिण, ३ अंश २२ मिनिटं पूर्व. मालकी नॉर्वेची, त्यांच्या भाषेत बुवेओया. अंटार्क्टिकाचा किनारा दक्षिणेला सुमारे १७०० किलोमीटर. वायव्येचं गॉफ बेट १८४५ किलोमीटर, दक्षिण आफ्रिकेचा किनारा २५०० च्या पुढे. जिथे खरोखर माणसं राहतात असं जवळचं गाव म्हणजे त्रिस्तान दा कुन्या, ते २२०० किलोमीटरच्या पलीकडे. जगातलं सगळ्यात एकाकी बेट कोणतं, या प्रश्नाला बहुतेक जण हेच उत्तर देतात.

पण मला त्याचं दूर असणं तितकंसं विशेष वाटत नाही. दूरची बेटं बरीच आहेत. बुवेची खरी गंमत त्याच्या किनाऱ्यात आहे, म्हणजे किनारा नसण्यात. माथेरानच्या उंचीचा डोंगर भर समुद्रात उभा करा, माथ्यावरून बर्फाचा जाड थर ओता आणि चारही बाजू तासून काढा, की बुवे तयार. लांबी साडेनऊ किलोमीटर, रुंदी सात, क्षेत्रफळ ४९ चौरस किलोमीटर, सर्वोच्च शिखर ओलावटॉपेन ७८० मीटर. बेटाचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग हिमनद्यांखाली. पूर्वेकडे या हिमनद्या उताराने खाली येतात आणि समुद्राशी पोचल्यावर बर्फाच्या सरळ भिंती होऊन थांबतात. पश्चिमेला आणि उत्तरेला काळ्या खडकाचे कडे, काही ठिकाणी शेकडो मीटर उंच. कड्यांच्या पायथ्याशी काळ्या ज्वालामुखी वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्या आहेत, पण त्यांच्यावर वरून दगड आणि बर्फ कोसळत असतो आणि समोरून लाटा आदळत असतात. मधोमध एक विझलेलं, बर्फाने भरलेलं विवर आहे, साधारण साडेतीन किलोमीटर रुंद. त्याला विल्हेल्म पठार म्हणतात. नाव जर्मन कैसरचं. ते कसं पडलं ते पुढे येईलच.

बेट पहिल्यांदा दिसलं १ जानेवारी १७३९ रोजी. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी ज्याँ-बातिस्त शार्ल बुवे द लोझिए 'एग्ल' आणि 'मारी' ही दोन जहाजं घेऊन दक्षिणेचं अज्ञात खंड शोधायला निघाला होता. धुक्यातून त्याला बर्फाळ कड्याचं एक टोक दिसलं. त्या दिवशी ख्रिस्ती पंचांगात येशूच्या सुंतेचा सण होता, म्हणून त्याने त्याला 'केप सर्कमसिजन' म्हटलं. ते एखाद्या बेटाचं टोक आहे की खंडाचं, हे काही त्याला कळलं नाही. धुकं आणि हिमखंडांमुळे कित्येक दिवस घुटमळूनही उतरता आलं नाही. शेवटी खलाशी आजारी पडायला लागले आणि तो परत फिरला.

पुढची हकीकत प्रतिसादांत लिहीन, एकदम सगळं टाकलं तर कोणी वाचणार नाही.

मिसळप्रेमी

आम्ही वाचतो, तुम्ही टाका. तो फॉर्मातला देश मीही पाहिलाय. ऑफिसातल्या एका चाचणी खात्याचा पत्ता आम्ही मुद्दाम तिथला दिला होता, कुरिअरचा खर्च काय येतो ते बघायला. प्रणालीने मुकाट्याने स्वीकारला!

शंकासूर

धागा आवडला. पण एक कळत नाही. तिथे बेट आहे हे १७३९ मध्ये एका माणसाने लिहून ठेवलं. मग ते पुन्हा सापडायला इतकी वर्षं का लागली? कॅप्टन कुकनेही शोधलं होतं म्हणतात. कुकला न्यूझीलंडचा किनारा रेखाटता येतो आणि इतका मोठा बर्फाळ डोंगर दिसत नाही?

दर्याफिरस्ता

@शंकासूर, याचं उत्तर रेखांशात आहे.

अक्षांश काढणं त्या काळी अवघड नव्हतं. माध्यान्हीला सूर्याची उंची मोजली की झालं. बुवेचा अक्षांश बराच बरोबर होता. रेखांशासाठी मात्र घरच्या बंदरात आत्ता किती वाजले आहेत हे जहाजावर माहीत असावं लागतं, आणि हलत्या जहाजावर वेळ धरून ठेवणारं भरवशाचं घड्याळ १७३९ साली कोणाकडे नव्हतं. मग वेग आणि दिशा यांवरून अंदाज बांधायचा. दक्षिणेकडच्या जोरदार प्रवाहात असा अंदाज आठवड्यागणिक घसरत जातो. बुवेचा रेखांश कित्येक अंशांनी चुकला. ५४ अंशांवर एक अंश म्हणजे साधारण ६५ किलोमीटर. आता साडेनऊ किलोमीटरचं बेट, वर्षातले बहुतेक दिवस ढगात, आणि शोधायचं शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात.

कुक दुसऱ्या सफरीवर (१७७२ ते ७५) निघाला तेव्हा त्याच्याकडे समुद्रावर अचूक वेळ धरणाऱ्या हॅरिसनच्या घड्याळाची केंडलने बनवलेली प्रत होती. म्हणजे कुकला स्वतः कुठे आहोत हे नेमकं माहीत होतं, पण जायचं कुठे तो आकडाच चुकीचा होता. पहिल्यांदा जाताना आणि मग १७७५ मध्ये परतीच्या वाटेवर, असा त्याने दोनदा शोध घेतला. काही मिळालं नाही. बुवेने मोठा हिमखंड पाहून जमीन समजली असावी, असा निष्कर्ष त्याने काढला. कुकने असं म्हटल्यावर कोण वाद घालणार!

१८०८ मध्ये ते पुन्हा दिसलं. एंडर्बी या ब्रिटिश व्हेलशिकारी कंपनीच्या 'स्वान' जहाजाच्या जेम्स लिंडसेने पाहिलं, त्यालाही उतरता आलं नाही. १८२२ मध्ये बेंजामिन मॉरेल हा अमेरिकन कप्तान म्हणतो की आपण उतरलो आणि सीलची शिकारही केली. पण त्याच्या वर्णनात या बेटावरच्या बर्फाचा उल्लेखच नाही, त्यामुळे त्याच्यावर फारसं कोणी विश्वास ठेवत नाही.

मिसळप्रेमी

नव्वद टक्के बर्फ आणि त्यालाच तो दिसला नाही! हा मनुष्य आमच्या ट्रेकिंग ग्रुपमध्ये शोभला असता. पायथ्याच्या टपरीवर चहा पिऊन स्टेटस टाकणारे दोघेतिघे आहेत आमच्यात.

दर्याफिरस्ता

मॉरेलची ख्याती तशीच होती :)

पुढे डिसेंबर १८२५ मध्ये जॉर्ज नॉरिस 'स्प्राइटली' घेऊन आला. त्याची माणसं उतरली, बेटाला त्याने 'लिव्हरपूल आयलंड' म्हटलं आणि ब्रिटिश राजाच्या नावाने ताबा जाहीर केला. हे आधीच्यांनी पाहिलेलंच बेट आहे याची त्यालाही खात्री नव्हती. त्याने आणखी एक घोळ घातला. ईशान्येला सुमारे ४५ मैलांवर दुसरं बेट दिसलं म्हणून लिहून ठेवलं. त्याला नाव दिलं 'थॉम्पसन'.

गोंधळ मिटला नोव्हेंबर १८९८ मध्ये. कार्ल चून यांची जर्मन समुद्रविज्ञान मोहीम 'वाल्दिविया' जहाजावर होती. त्यांनी बेट शोधलं, जागा नीट निश्चित केली आणि फोटो काढले. कैसरचं नाव पठाराला मिळालं ते त्यांच्याकडून. उतरता त्यांनाही आलं नाही. म्हणजे पहिल्यांदा दिसल्यापासून नकाशावर पक्की खूण व्हायला जवळजवळ १६० वर्षं लागली.

शंकासूर

आणि थॉम्पसनचं काय? ते वाल्दिवियाला मिळालं का?

दर्याफिरस्ता

नाही मिळालं. तरी विसाव्या शतकात बरीच वर्षं ते काही नकाशांवर टिकून होतं. नकाशावरून बेट काढून टाकायला कोणी धजावत नाही. समजा खरंच असलं आणि एखादं जहाज आपटलं तर? १८९० च्या दशकात ज्वालामुखीच्या स्फोटात ते नष्ट झालं असेल, असाही एक तर्क १९६७ मध्ये मांडला गेला. पण पुढे त्या जागेची खोली मोजली तेव्हा समुद्र दोन किलोमीटरहून अधिक खोल निघाला. बेट उडून गेलं असतं तर खाली त्याचा बुंधा तरी उरायला हवा होता. नॉरिसने हिमखंड पाहिला असावा, हेच सगळ्यात पटतं. कुकने जी शंका बुवेवर घेतली ती नॉरिसला चपखल बसते.

अबोली

छान चाललाय धागा. वाखुसा (वाचनखूण साठवली आहे).

मी शाळेत भूगोल शिकवते म्हणून विचारते. ५४ अंश दक्षिण म्हणजे ध्रुववृत्तापासून बरंच लांब. उत्तरेला याच अक्षांशाजवळ बेलफास्ट आहे, हॅम्बुर्ग आहे. तिथे हिरवी कुरणं, गाई, बागा. इथे मात्र बारमाही बर्फ. मुलांना सांगायचं तर नेमकं कारण काय सांगावं?

वास्कोकर

@अबोली, याचं उत्तर मी देतो. मी भारतीय अंटार्क्टिक मोहिमेतून गेलो आहे, तांत्रिक कर्मचारी म्हणून. (आमचं ध्रुवीय संशोधन केंद्र इथे गोव्यातच, वास्कोला सडा टेकडीवर आहे. १९८१ च्या डिसेंबरमध्ये डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखालची पहिली मोहीमही गोव्यातूनच 'पोलर सर्कल' या नॉर्वेजियन जहाजावर निघाली होती. आता बहुतेक वेळा केप टाऊनहून जातात.)

केप टाऊन सोडलं की पहिले काही दिवस समुद्र निळा असतो, वारा असतो, पण थंडी फारशी नाही. चाळीस अंश ओलांडले की जहाज डोलायला लागतं. जेवणाच्या टेबलावर ओली फडकी अंथरतात, ताटं घसरू नयेत म्हणून. मग पन्नासच्या आसपास कुठेतरी पाण्याचं तापमान थोड्या अंतरात दोन-तीन अंशांनी उतरतं. हवा बदलते, धुकं येतं, वेगळे पक्षी दिसायला लागतात. याला अंटार्क्टिक अभिसरण रेषा म्हणतात. दक्षिणेचं थंड, जड पाणी इथे उत्तरेकडच्या कोमट पाण्याखाली शिरतं.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. उत्तर गोलार्धात या अक्षांशांवर खंडं आडवी येतात, त्यामुळे उष्ण प्रवाह वर ढकलले जातात. आयर्लंडला अटलांटिकचं ऊबदार पाणी मिळतं. दक्षिणेत ५६ ते ६० अंशांच्या पट्ट्यात पृथ्वीला पूर्ण फेरी मारली तरी वाटेत मोठी जमीन लागत नाही. वारा आणि प्रवाह अंटार्क्टिकाभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे सतत फिरत राहतात आणि उष्ण पाण्याला आत येऊ देत नाहीत. बुवे या अभिसरण रेषेच्या दक्षिणेला, म्हणजे कुंपणाच्या आत पडतं. तिथलं वर्षाचं सरासरी तापमान शून्याच्या जरा खाली. लक्षात घ्या, हे फार कडाक्याचं नाही. उन्हाळ्यात शून्याच्या किंचित वर जातं, हिवाळ्यातही सरासरी उणे तीनच्या आसपास. पण 'किंचित वर' एवढ्याने बर्फ वितळत नाही आणि वरून पडत राहतो. हिमनदी टिकायला प्रचंड थंडी लागत नाही, उन्हाळा नसला की पुरतं.

मुलांना एवढं सांगा: अक्षांश फक्त सूर्य किती मिळतो ते सांगतो, पाणी कुठून येतं ते सांगत नाही.

अबोली

अगदी हेच हवं होतं. उद्याच्या तासाला फळ्यावर दोन्ही गोलार्ध शेजारी शेजारी काढते. बुवे प्रत्यक्ष पाहिलंत का हो?

वास्कोकर

नाही. आमची वाट त्याच्या पूर्वेकडून जाते. आपलं मैत्री स्थानक साधारण पावणेबारा अंश पूर्वेला आहे, आणि केप टाऊन १८ अंशांवर. बुवे तीन अंशांवर, म्हणजे बराच वळसा पडतो. त्या हवेत वळसा घ्यायला कोणता कप्तान तयार होणार? जहाजावरच्या रडारच्या पडद्यावरही आलं नाही.

भूगर्भी

खडकांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

बुवेच्या पश्चिमेला अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटरवर समुद्रतळाशी एक जागा आहे, तिथे तीन भूपट्ट एकमेकांना भेटतात: आफ्रिकी, दक्षिण अमेरिकी आणि अंटार्क्टिक. तीन सागरी पर्वतरांगा तिथे एकत्र येतात. उत्तरेकडून मध्य अटलांटिक रांग, पूर्वेकडून नैर्ऋत्य हिंदी महासागराची रांग आणि पश्चिमेकडून अमेरिका-अंटार्क्टिक रांग. तिन्ही ठिकाणी तळ फाटतोय आणि नवा खडक वर येतोय. या त्रिसंगमाला बेटाचंच नाव आहे. बुवे म्हणजे नैर्ऋत्य हिंदी रांगेच्या टोकाशी वर आलेला ढालीच्या आकाराचा ज्वालामुखी. पाण्यावर दिसतो तो नुसता शेंडा.

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला बसाल्ट म्हटलं की घरचा वाटतो, पण तुलना जपून करावी. आपला दख्खनचा बसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून पसरला, थरावर थर, आडवा. म्हणून आपल्या डोंगरांना पायऱ्या दिसतात. बुवे भूशास्त्राच्या हिशेबात कालचं पोर आहे, दहा-पंधरा लाख वर्षांच्या आतलं, आणि एका केंद्राभोवती वाढलेलं. तिथे बसाल्टबरोबर सिलिका जास्त असलेले लाव्हाही सापडतात, काचेसारखा ऑब्सिडियनसुद्धा. बेट पूर्ण थंडही झालेलं नाही. १९७८-७९ च्या नॉर्वेजियन मोहिमेने जमिनीखाली हातभर खोलीवर २५ अंश सेल्सिअसपर्यंत तापमान मोजलं होतं. वर बर्फ आणि खाली कोमट माती.

झाडं-झुडपं मात्र शून्य. शेवाळं, दगडफूल, थोडी बुरशी. फुलणारी एकही वनस्पती नाही.

सागरगोटा

पेंग्विन आहेत की नाही ते सांगा आधी.

दर्याफिरस्ता

@सागरगोटा, आहेत. चिनस्ट्रॅप (हनुवटीखाली काळी रेघ असलेले) आणि मॅकरोनी (पिवळ्या तुऱ्याचे). शिवाय अंटार्क्टिक फर सील हजारोंनी. १९७१ पासून अख्खं बेट आणि भोवतालचा प्रादेशिक समुद्र नॉर्वेने राखीव निसर्गक्षेत्र केलेलं आहे.

पण हे सगळे राहतात कुठे, हा भूगोलाचा मुद्दा आहे, कारण काठ नाही असं मीच वर म्हटलंय. बेटाच्या पश्चिम-वायव्य बाजूला न्यरॉयसा नावाची एक सपाट जागा आहे, साधारण दोन किलोमीटर लांब, अर्धा किलोमीटर रुंद. दगडधोंड्यांचा ओटाच म्हणा. १९५५ च्या जानेवारीत दक्षिण आफ्रिकेचं 'ट्रान्सवाल' जहाज हवामान केंद्रासाठी जागा बघायला आलं होतं, तेव्हा ती नव्हती. १९५८ च्या सुरुवातीला अमेरिकेचं बर्फफोडं जहाज 'वेस्टविंड' आलं तेव्हा होती. मधल्या तीन वर्षांत कधीतरी वरचा कडा कोसळला आणि समुद्रात हा ओटा तयार झाला. कोणी पाहिलं नाही. आज सील आणि पेंग्विनांची मोठी वसाहत तिथे आहे. संशोधकही तिथेच उतरतात, कारण दुसरीकडे उतरायला जागाच नाही.

शंकासूर

न्यरॉयसाचं नाव काढलंत म्हणून. १९६४ साली तिथल्या डबक्यात एक बेवारस होडी सापडली होती ना? यूट्यूबवर त्यावर ढिगाने व्हिडिओ आहेत. माणसं कुठे गेली, कोणालाच ठाऊक नाही वगैरे. पार्श्वसंगीतासकट.

दर्याफिरस्ता

सापडली होती. ब्रिटिश नौदलाच्या 'प्रोटेक्टर' जहाजावरून हेलिकॉप्टरने माणसं उतरली. आतल्या खाऱ्या तळ्यात एक जीवरक्षक होडी अर्धी बुडालेली होती. आसपास वल्ही, लाकडं, तांब्याची टाकी. होडीवर नाव-खूण नाही, माणसांचा मागमूस नाही. नीट शोध घ्यायला त्यांच्याकडे वेळच नव्हता.

व्हिडिओवाले इथे थांबतात, कारण पुढे रहस्य उरत नाही. नोव्हेंबर १९५८ मध्ये सोव्हिएत व्हेलशिकारी ताफ्यातलं 'स्लावा-९' जहाज तिथे आलं होतं. त्यांची एक तुकडी होडीने उतरली, हवा बिघडली, परतता येईना. दोन-तीन दिवसांनी त्यांना हेलिकॉप्टरने उचललं. होडी तिथेच राहिली. हे सोव्हिएत अहवालांत छापलेलं आहे.

मला यात होडीपेक्षा एक गोष्ट जास्त लक्षात राहिली. सोव्हिएत तुकडी असो की सहा वर्षांनी आलेले ब्रिटिश, दोघांनाही हेलिकॉप्टर लागलं. होडीने उतरलेले होडीने परतू शकले नाहीत.

मिसळप्रेमी

म्हणजे जाण्याचं तिकीट मिळतं, परतीचं वेटिंग लिस्टवर.

तारायंत्री

हॅम मंडळींच्या, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या, वतीने हजेरी लावतो. तुमच्यासाठी बुवे हा भूगोल असेल, आमच्यासाठी ते नवस आहे.

आमच्या छंदात जगाचे तीनशेचाळीस भाग धरलेले आहेत आणि प्रत्येकाशी एकदा तरी रेडिओवर संपर्क व्हावा अशी धडपड असते. माणसं नसलेल्या बेटाशी संपर्क कसा होणार? कोणीतरी तिथे जाऊन अँटेना उभारली तरच. २०१८ मध्ये एक मोठी आंतरराष्ट्रीय तुकडी सगळं सामान घेऊन बेटाच्या समोर जाऊन पोचली. हेलिकॉप्टर होतं, तंबू होते. पण हवा उघडीप देईना, त्यात जहाजाच्या इंजिनात बिघाड झाला आणि बेट समोर असताना मागे फिरावं लागलं. जगभरचे हॅम त्या रात्री सुतकात होते, आम्हीसुद्धा.

मग फेब्रुवारी २०२३ मध्ये 'थ्री वाय झीरो जे' (हे त्यांचं रेडिओवरचं ओळखनाव) ही मोहीम 'मरामा' नावाच्या छोट्या नौकेने गेली. हेलिकॉप्टर नाही. रबरी होडी लाटांमुळे काठाला लागेना, म्हणून शेवटचं अंतर सुरक्षा-सूट घालून, दोराच्या आधाराने पाण्यातून पार केलं. सामानही तसंच ओढलं. जेवढं न्यायचं ठरवलं होतं त्याचा थोडासाच भाग किनाऱ्यावर पोचला. शंभर वॅटच्या साध्या संचांवर आणि साध्या अँटेनांवर त्यांनी जगभर हजारो संपर्क केले. महाराष्ट्रातून त्यांना ऐकायचं म्हणजे रात्र रात्र खरखरीत कान लावून बसायचं. त्यांचा सिग्नल यायचा तो खरखरीच्या जेमतेम वर, आणि त्याच क्षणी युरोपातले शेकडो जण एकदम ओरडत असायचे. माझा झाला की नाही ते विचारू नका.

सागरगोटा

विचारतेच. झाला का?

तारायंत्री

नाही. पुढच्या मोहिमेची वाट बघतोय.

दर्याफिरस्ता

@तारायंत्री, भारी माहिती. उतरण्याचा हा प्रकार ऐकून नॉर्वेजियन लोकांच्या चिकाटीचं कौतुक वाटतं.

१ डिसेंबर १९२७ रोजी 'नॉर्वेजिया' मोहीम बेटावर उतरली, प्रमुख हाराल्ड होर्नट्वेट. पैसा सांडेफ्योर्डच्या लार्स क्रिस्टेन्सन या व्हेलउद्योगपतीचा. ब्रिटिशांच्या परवान्यांच्या कटकटीतून सुटायला दक्षिणेत स्वतःचा एक तळ हवा, हा त्यांचा हिशेब होता. शास्त्रीय काम केलं, मोजमापं घेतली, झेंडा लावला. जानेवारी १९२८ मध्ये नॉर्वेने बेट आपलं म्हणून जाहीर केलं. ब्रिटनने नॉरिसचा १८२५ चा हक्क पुढे केला, थोडी कागदी लढाई झाली आणि १९२९ मध्ये त्यांनी दावा सोडला. व्हेलचा तळ काही तिथे झाला नाही. कुठे होणार होता?

संशोधन मात्र नॉर्वेजियन ध्रुवीय संस्थेने सोडलं नाही. १९९० च्या दशकात न्यरॉयसावर कंटेनरचं एक छोटं स्थानक उभारलं. २००६ मध्ये भूकंप झाला. त्यानंतरच्या काळात कधीतरी ते स्थानक गायब झालं. २००७ मध्ये उपग्रहाच्या चित्रांत जागा रिकामी दिसली तेव्हा कळलं. भूकंपाने पाया खिळखिळा झाला आणि हिवाळी वादळाने कंटेनर समुद्रात लोटले, असं मानतात. २०१४ मध्ये नवं स्थानक बांधलं, सहा माणसं काही महिने राहू शकतील असं. ज्या ओट्यावर ते उभं आहे तो स्वतःच दरड कोसळून झालेला, आणि समुद्र त्याला रोज कुरतडतोय. न्यरॉयसा किती वर्षं टिकेल हा प्रश्न त्या सील वसाहतीलाही लागू आहे.

शंकासूर

अंटार्क्टिक करारात हे बेट येतं का? कारण त्या करारात सगळ्यांचे मालकी हक्क गोठवलेत ना?

वास्कोकर

नाही येत. करार ६० अंश दक्षिणेच्या खालच्या प्रदेशाला लागू आहे, बुवे त्याच्या वर आहे. त्यामुळे बुवेवरची नॉर्वेची मालकी सरळ आणि बिनवादाची. गंमत बघा, आपलं मैत्री स्थानक आणि त्याआधीचं दक्षिण गंगोत्री ज्या क्वीन मॉड लँडमध्ये आहेत त्यावरही नॉर्वेचा दावा आहे. पण करारामुळे तो दावा गोठलेला, म्हणून तिथे आपल्याला कोणाची परवानगी मागावी लागत नाही. बुवेवर पाय ठेवायचा तर नॉर्वेला विचारावं लागेल.

भूगर्भी

अवांतर: २२ सप्टेंबर १९७९ ची व्हेला घटना याच भागातली. अणुचाचण्यांवर नजर ठेवणाऱ्या अमेरिकेच्या व्हेला उपग्रहाने बुवे आणि प्रिन्स एडवर्ड बेटांच्या दरम्यानच्या समुद्रावर दुहेरी चमक टिपली. अशी चमक अणुस्फोटाची खूण मानतात. इस्रायल आणि दक्षिण आफ्रिकेकडे अनेक अभ्यासक बोट दाखवतात, पण कबुली आजवर कोणी दिलेली नाही. गुपचूप काही करायचं तर याहून निर्जन जागा पृथ्वीवर क्वचितच मिळेल.

अबोली

एक बारीक शंका. माझ्याकडच्या जुन्या संदर्भग्रंथात क्षेत्रफळ ५८ चौरस किलोमीटर दिलंय. तुम्ही ४९ म्हणताय.

दर्याफिरस्ता

दोन्ही आकडे छापील सापडतात. ५८ ची मोजणी जुनी आहे, ४९ हा नंतरचा आणि नॉर्वेजियन स्रोतांत आता वापरला जाणारा. ढगात बुडालेल्या बेटाचं मोजमाप उपग्रह येईपर्यंत कठीणच होतं. नवा आकडाच शिकवा.

ओलावटॉपेनवर माणूस पोचला तोही थेट २०१२ मध्ये. ७८० मीटरचा डोंगर, पहिल्यांदा चढला गेला एव्हरेस्टनंतर जवळजवळ साठ वर्षांनी. चढाई अवघड नव्हती, पायथ्याशी पोचणं अवघड होतं.

मिसळप्रेमी

ऑफिसात 'डॉट बीव्ही' असं संकेतस्थळ घेता येईल का, अशी चर्चा आत्ताच झाली.

दर्याफिरस्ता

घेता येणार नाही. ते नाव राखीव आहे, नॉर्वेच्या नोंदणी संस्थेकडे, आणि नोंदणी खुली केलेली नाही. नेदरलँड्समधल्या खाजगी कंपन्यांच्या नावामागे बीव्ही लागतं, त्यामुळे तिथे गिऱ्हाईक भरपूर मिळालं असतं.

सागरगोटा

उपग्रह नकाशात बघितलं. पांढऱ्यावर पांढरं. काही कळत नाही. न्यरॉयसा शोधायचा कसा?

दर्याफिरस्ता

उणे ५४.४१ आणि ३.२९ हे आकडे टाका, त्या आसपास पश्चिम कडेला एक राखाडी-तपकिरी पट्टा दिसेल. तिथून नैर्ऋत्येला सरकलात तर लार्सओया हे चिमुकलं बेट लागेल. एका चित्रात ढग असतील तर जुन्या तारखांची चित्रं उघडा, एखादं स्वच्छ निघतं.

सागरगोटा

दिसला! कडेला एक बारीक तळंही आहे.

भूगर्भी

उत्तम धागा, पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा). पुढचा हर्ड बेटावर काढा. तेही निर्जन, तेही बर्फाळ, पण तिथला २७४५ मीटरचा ज्वालामुखी अजून जागा आहे. खडकांचं मी बघतो.